१४ टनांची तोफ

बुद्धिबळात उंटाला घोड्याचे पाय लावता येत नाहीत. हत्ती सरळच जाणार, वजिराला चौफेर मोकळीक, आणि दोन्ही बाजूंची सोंगटी न् सोंगटी सारखी. ज्या व्हिडिओ गेम्सबद्दल मी लिहितोय, त्यांत निम्मा डाव पहिल्या चालीआधीच होऊन गेलेला असतो. माणसासारखे हातपाय असलेलं, तीन-चार मजली उंच लढाऊ यंत्र, म्हणजे मेक, तुमच्या वर्कशॉपमध्ये उभं असतं. त्याच्या हातात कोणतं शस्त्र द्यायचं, छातीवर चिलखत किती चढवायचं, उष्णता बाहेर टाकायला काय बसवायचं, हे सगळं तुम्ही ठरवायचं. मग तो मेक मैदानात उतरतो आणि एक चाल तुमची, एक चाल शत्रूची, अशी लढाई सुरू होते.

या प्रकाराला आता चाळीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत जमलेले गेम समोर ठेवले की एकच प्रश्न मला परत परत पडतो. सोंगटी स्वतः घडवता येण्याने खेळ नेमका कुठे खोल होतो? कारण जुळवाजुळवीची सोय आज कुठल्याही गेममध्ये मिळते. बंदुकीला नवी नळी लावा, गाडीला नवा रंग द्या. त्यातली बरीचशी नुसती सजावट असते. माझ्यापुरतं उत्तर असं आहे: वर्कशॉपमध्ये घेतलेल्या निर्णयाचं मोल मैदानात चुकवावं लागलं पाहिजे, आणि मैदानात जे मोडलं ते वर्कशॉपमध्ये मोडक्याच अवस्थेत परत आलं पाहिजे. हा हिशेब जिथे दोन्ही बाजूंनी चोख असतो, ते गेम वर्षानुवर्षं मनात राहतात. जिथे तो एका बाजूने ढिला पडतो, तिथे गेम दिसायला कितीही देखणा असला तरी वीस-पंचवीस तासांत विरून जातो.

सुरुवात संगणकावर झालीच नाही. १९८४ साली शिकागोच्या एफएएसए या छोट्या कंपनीने एक बोर्ड गेम काढला. जॉर्डन वाइझमन हा त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. गेमचं पहिलं नाव होतं 'बॅटलड्रॉइड्स'. 'ड्रॉइड' या शब्दावर 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासफिल्मने हक्क सांगितला आणि पुढच्याच आवृत्तीत नाव बदलून 'बॅटलटेक' झालं. षटकोनी घरांचा पट, दोन फासे, आणि प्रत्येक मेकसाठी एक कागद. त्या कागदावर मेकचं शरीर छापलेलं: डोकं, मधलं धड, डावं-उजवं धड, दोन हात, दोन पाय. प्रत्येक भागावर चिलखताचे बारीक गोळे. मार बसला की पेन्सिलने तेवढे गोळे काळे करायचे.

या कागदातच पुढच्या सगळ्या गेम्सचं बीज आहे. मेकला एकच एक 'जीव' नाही. डावा हात तुटला तर त्या हातातली तोफ गेली, पण मेक उभाच आहे. पाय गेला तर पडेल, तरी पडल्या जागेवरून गोळी झाडेल. दोन फाशांवर मिळून बारा पडले की मार थेट डोक्यात. छत्तीसातून एकदा घडणारी ही गोष्ट, पण ती घडू शकते एवढ्यावर चांगला खेळाडूही शेवटपर्यंत धास्तावलेला असतो.

आता एका मेककडे जवळून पाहू. हंचबॅक, वजन ५० टन. उजव्या खांद्यावर कुबडासारखी एक अगडबंब तोफ, ऑटोकॅनन २०. या तोफेचं वजन १४ टन. दारूगोळ्याचे आणखी २. प्रत्येक टनात पाचच गोळे, म्हणजे सगळ्या लढाईत मिळून दहा. पण एकेक गोळा २० गुणांचा मार देतो, आणि डोक्याचं चिलखत नि आतला सांगाडा मिळून फक्त १२ गुण सोसतात. म्हणजे हंचबॅक जवळ आला की समोरच्याला प्रत्येक चालीला मरणाची शक्यता धरून चालावं लागतं.

बॅटलटेकच्याच जगात या मेकचा दुसरा अवतार आहे. त्यात ती तोफ आणि तिचा दारूगोळा काढून टाकलाय. १६ टन मोकळे झाले. त्यातल्या ६ टनांत सहा मध्यम लेसर बसवले, प्रत्येकी १ टन. उरलेल्या १० टनांत दहा हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर फेकणारी यंत्रं. आधीचे दोन धरून आता मध्यम लेसर झाले आठ, आणि आधीचे हीट सिंक धरून ते झाले तेवीस. एक लेसर ३ एकक उष्णता देतो. आठही एकदम झाडले की २४. तेवीस बाहेर जातात, एक आत राहतो, आणि चालण्या-पळण्याची उष्णता वेगळी. दोन-तीन चाली असंच करत राहिलात तर मेक तापून अडखळायला लागतो. दारूगोळा संपण्याची चिंता मिटली, त्या जागी तापण्याची चिंता आली. आठ लेसर मिळून मार तोफेच्या दुपटीचा, पण तो आठ जागी विखुरतो. तोफेचा मार एकाच जागी, आरपार. मी या दोघांपैकी कोण चांगला यावर मित्रांशी तासन् तास वाद घातले आहेत आणि ते सुटलेले नाहीत. त्या कागदाचं मोठेपण मला यात दिसतं. गणित शाळकरी पोराला जमेल इतकं सोपं, तरी उत्तर एक नाही.

संगणकावर हे यायला वेळ लागला नाही. १९८८मध्ये इन्फोकॉमने 'क्रेसेंट हॉक्स इन्सेप्शन' काढला. तो वेस्टवुडने बनवला होता, पुढे 'ड्यून २' आणि 'कमांड अँड कॉन्कर'मुळे नावारूपाला आलेल्या त्याच मंडळींनी. पण संगणक जसजसे वेगवान झाले तसतसा बॅटलटेकचा बहुतेक सगळा ओघ कॉकपिटमध्ये बसून प्रत्यक्ष लढण्याच्या 'मेकवॉरियर' मालिकेकडे वळला. विचार करत, चाल मोजत खेळायचा मूळ प्रकार बोर्डावरच राहिला. १९९६मध्ये डायनामिक्सचा 'मिशनफोर्स सायबरस्टॉर्म' आला तो अपवाद. षटकोनी पट, भरपूर जुळवाजुळव, उत्तम गेम, पण त्याची परंपरा पुढे उभी राहिली नाही.

ती उभी राहिली जपानमध्ये. तिथे मेकची कल्पना दूरदर्शनच्या मालिकांतून घरोघरी पोचलेली होती. १९७९चा 'गंडम', १९८१चा 'डॉग्राम', १९८२चा 'मॅक्रॉस'. बॅटलटेकने आपले सुरुवातीचे कित्येक मेक याच मालिकांच्या चित्रांवरून घेतले होते. शॅडो हॉक म्हणजे रूपाने सरळसरळ डॉग्रामच. त्यावरून अमेरिकेत जी कोर्टबाजी झाली ती थेट २०१८पर्यंत चालली, आणि मधली बरीच वर्षं ते मेक पुस्तकांतून गायब होते.

१९९५मध्ये स्क्वेअरने 'फ्रंट मिशन' काढला. तोशिरो त्सुचिदा त्याचा कर्ता, पुढे 'फायनल फँटसी १०'ची लढाईची रचना करणारा. यातल्या मेकला वॅन्झर म्हणतात. 'चालता रणगाडा' अशा अर्थाच्या जर्मन शब्दाचा हा संक्षेप. वॅन्झरचे चारच भाग: धड, दोन हात, पाय. प्रत्येकाची ताकद वेगळी मोजली जाते. हात गेला की त्या हातातलं शस्त्र गेलं, पाय गेले की वॅन्झर जागीच खुरडतो, धड गेलं की खेळ संपला. धडाच्या इंजिनात जेवढी शक्ती तेवढंच एकूण वजन पेलतं. बॅटलटेकच्या मानाने हिशेब सोपा आहे आणि दुकानातून सुटे भाग विकत घेण्याचा आनंद जास्त. गावोगावी आखाडे आहेत. तिथे पैज लावून लढायचं, पैसे कमवायचे, नवा हात घ्यायचा, परत लढायचं.

माझी या मालिकेशी ओळख तिसऱ्या भागापासून. जपानमध्ये १९९९ला आणि इंग्रजीत २००० साली आलेला 'फ्रंट मिशन ३'. सीडी नकली होती, वर मार्करने नाव लिहिलेलं, सोबत ना पुस्तिका ना नकाशा. पहिल्या काही लढायांत मी वॅन्झर जसे मिळाले तसेच खेळत राहिलो, कारण भाग बदलता येतात हेच मला ठाऊक नव्हतं. मग एका लढाईत शत्रूचा पायलट माराच्या धक्क्याने कॉकपिटबाहेर फेकला गेला आणि त्याचा वॅन्झर मैदानात रिकामा उभा राहिला. मी माझ्या माणसाला त्याच्या यंत्रातून उतरवलं, चार घरं पायी चालवलं आणि त्या रिकाम्या वॅन्झरमध्ये बसवलं. तो चालू झाला. पंचवीस वर्षं होत आली, तरी तो क्षण जसाच्या तसा आठवतो. यंत्र आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गेमने एकही वाक्य न बोलता दाखवलं होतं.

पहिला भाग मी नंतर खेळलो आणि त्याने मला हादरवलं. कथा २०९० सालची, पॅसिफिकमधल्या हफमन नावाच्या बेटावर. दोन महासत्तांत वाटलेलं बेट. नायक रॉइड याची वाग्दत्त वधू कॅरन पहिल्याच कामगिरीत नाहीशी होते आणि तो तिच्या शोधात भाडोत्री सैनिकांच्या तुकडीत शिरतो. तीस वर्षांपूर्वीचा गेम आहे, म्हणून पुढचं सांगतो. तिचा शोध लागतो तेव्हा ती माणूस म्हणून उरलेली नसते. वॅन्झर चालवणाऱ्या संगणकासाठी माणसांचे मेंदू वापरण्याचा प्रयोग चाललेला असतो, आणि कॅरनचा मेंदू त्यात गेलेला असतो. ते उपकरण तुमच्या हाती येतं. वर्कशॉपची यादी उघडली की इतर संगणकांच्या ओळीत तेही दिसतं. ते तुम्ही रॉइडच्या वॅन्झरला बसवू शकता.

त्या यादीपुढे मी बराच वेळ थांबलो होतो. इतके तास ज्या यादीतून मी बिनधास्त हात, पाय, बंदुका निवडत आलो, त्याच यादीत ती होती. जुळवाजुळवीची यंत्रणा आणि कथा इतकी एकजीव झालेली मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये पाहिलेली नाही. २०२२मध्ये या भागाची नवी आवृत्ती आली. चित्रं नवी आहेत, चाल तीच जुनी, संथ. ज्यांना ही मालिका नवी आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. लढाई म्हणून मात्र पहिला भाग सैल आहे हेही सांगायला हवं. मार कुठल्या भागावर बसेल हे सुरुवातीला नशिबावरच असतं, आणि लढाई संपली की सगळे भाग परत धडधाकट. मैदानात मोडलेलं वर्कशॉपपर्यंत पोचतच नाही.

ते पोचतं २०१८च्या 'बॅटलटेक'मध्ये. जॉर्डन वाइझमननेच पुढे काढलेल्या हेअरब्रेन्ड स्कीम्स या सिअ‍ॅटलच्या स्टुडिओने २०१५ साली किकस्टार्टरवर लोकांकडून २७ लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली आणि मूळ बोर्ड गेमचा जीव संगणकावर आणला. तुम्ही भाडोत्री तुकडीचे प्रमुख. चार मेक, त्यांचे पायलट, एक जुनं जहाज, आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांचा पगार.

माझ्या एका लढाईचं सांगतो. तुकडीतला शॅडो हॉक, ५५ टन. ऑटोकॅनन डाव्या धडात, लेसर उजव्या हातात. एका टेकडीवर मी त्याला एक घर जास्त पुढे नेलं. शत्रूच्या दोन चालींत डावं धड फुटलं. धड गेलं की त्याला जोडलेला हातही जातो, तोफ तर गेलीच. पुढच्या तिन्ही चाली मी त्याला अंग वळवून, उजवी बाजू शत्रूकडे करून उभा करत राहिलो, कारण डाव्या बाजूने येणारा मार आता अडवणारं काही नव्हतं आणि तो सरळ मधल्या धडात शिरला असता. त्या एका लेसरवर आणि लाथाबुक्क्यांवर त्याने लढाई काढली. वर्कशॉपमध्ये परतल्यावर यांग नावाचा मेकॅनिक दुरुस्तीचे दिवस आणि खर्च सांगतो. तोफ कायमची गेली होती आणि गोदामात दुसरी नव्हती. पुढचं कंत्राट दुरुस्तीआधी संपणार होतं. मी शॅडो हॉकला तिथेच ठेवलं, तीन मेकवर गेलो, आणि त्या लढाईत एक पायलट गमावली. टेकडीवरच्या एका घराची ती किंमत.

या गेममधली माझी सर्वांत आवडती गोष्ट भंगाराची आहे. शत्रूच्या मेकचे तीन भाग गोळा झाले की तो मेक तुमचा. मधलं धड फोडून त्याला मारलं तर एकच भाग हाती लागतो. दोन्ही पाय मोडले तर दोन. यंत्र शाबूत ठेवून पायलटच निकामी केला तर तिन्ही. त्यामुळे मैदानात बंदूक रोखताना मनात वर्कशॉप चालू असतं. समोर तोफांनी लदलेला मेक येतोय, त्याला पटकन पाडलं तर जीव वाचतो, हळूहळू पाय तोडले तर तो आपला होतो, पण तोवर तोही आपल्यावर गोळ्या झाडणार. लोभ आणि भीती एकाच चालीत येऊन बसतात.

रचनाकारांनी इथे एक धाडसी निर्णय घेतला. बोर्ड गेममध्ये इंजिनसुद्धा बदलता येतं. संगणकावर त्यांनी ते बंद केलं, आणि कुठल्या अंगाला कोणत्या जातीचं शस्त्र लागेल तेही ठरवून टाकलं. अनेक जुने खेळाडू यावर नाराज झाले, आणि 'रोगटेक'सारख्या चाहत्यांनी केलेल्या फेरफारांत इंजिन परत आलं. मला मूळ निर्णय पटतो. सगळंच बदलता आलं असतं तर ५० टनांचे सगळे मेक शेवटी एकच मेक झाले असते. हंचबॅकचं कुबड राहिलं, म्हणून हंचबॅक राहिला.

तरीही या गेममध्ये एक भोक आहे, आणि ते या अख्ख्या प्रकाराचं दुखणं आहे. एकदा उत्तम जुळणी सापडली की वर्कशॉप बंद पडतं. २०१९च्या पुरवणीनंतर मरॉडर नावाचा मेक हाती आला की नेम धरून डोकं उडवण्यात त्याला मिळणारी सवलत इतकी मोठी होती, की मी पुढच्या वीस लढाया जवळजवळ डोळे मिटून जिंकल्या. पैसा साठला, तोटा उरला नाही. पहिल्या दहा तासांत एक मध्यम लेसर सापडला तरी जीव हरखायचा, शंभराव्या तासाला शंभर टनी अ‍ॅटलसचं काही वाटेनासं झालं. सुरुवातीच्या आवृत्तीत चाली पाहायला लागणारा वेळही असह्य होता. तो पुढे कमी केला गेला.

नेमकं याच दुखण्यावर 'इन्टू द ब्रीच'ने औषध शोधलं. हाही २०१८चाच, सबसेट गेम्स या दोन माणसांच्या स्टुडिओचा. पट आठ बाय आठ, अगदी बुद्धिबळाएवढा. तीन मेक. शत्रू किडे पुढच्या चालीला नेमकं कुणाला मारणार हे आधीच दाखवतात, आणि तुम्ही एक चाल खेळून ते टाळायचं. इमारतींवर किडा चालून येतोय. त्याला मारण्याइतकी ताकद नाही. पण ठोसा मारून एक घर बाजूला ढकललं की त्याचा वार शेजारच्या दुसऱ्या किड्यावर बसतो. नशीब जवळजवळ नाहीच. जुळवाजुळव अगदी मोजकी, कधी एखादं शस्त्र, कधी थोडी जास्त ऊर्जा. पण प्रत्येक छोटा बदल लगेच पटावर जाणवतो. माझ्या मते चालीचा खेळ म्हणून गेल्या दहा वर्षांत याच्या तोडीचं काही झालेलं नाही. मेकचा खेळ म्हणून मात्र मला तो कोरडा वाटतो. मेक दर लढाईनंतर नवा होतो. त्याच्या अंगावर ओरखडा राहत नाही, म्हणून त्याच्यावर जीवही जडत नाही.

२०२३चा 'फँटम ब्रिगेड' वेगळ्याच वाटेने गेला. यात दोन्ही बाजूंची चाल एकदम चालते, पाच-पाच सेकंदांच्या तुकड्यांत. शत्रू त्या पाच सेकंदांत काय करणार ते आधी दिसतं आणि तुम्ही काळाच्या पट्टीवर आपल्या हालचाली बसवता. दुसऱ्या सेकंदाला ढाल वर, तिसऱ्याला उडी, चौथ्याला गोळी. पाहायला इतकं सुंदर की मी कित्येक चाली फक्त परत बघण्यासाठी परत लावल्या. पण सुटे भाग ढिगाने मिळतात आणि एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे एका हाताच्या जागी दुसरा लावताना मनाला काही लागत नाही.

बाकीच्यांत कोनामीचा २००० सालचा 'रिंग ऑफ रेड' महायुद्धानंतर दुभंगलेल्या कल्पित जपानचं जग फार ताकदीने उभं करतो. १९९१पासून चालत आलेला 'सुपर रोबॉट वॉर्स' चाहत्यांचा मेळा आहे, जुळवाजुळवीचा खेळ नव्हे.

आज पुढे कोण आहे? हेअरब्रेन्डला २०१८मध्येच पॅराडॉक्सने विकत घेतलं, २०२४च्या सुरुवातीला दोघे वेगळे झाले, आणि 'बॅटलटेक'चा दुसरा भाग काही आलेला नाही. त्याची खंत मला मनापासून वाटते, कारण मैदान आणि वर्कशॉप यांचा हिशेब इतका चोख दुसऱ्या कुणी मांडला नव्हता.

मधल्या काळात मी परत मूळ कागदाकडे गेलोय. मेगामेक नावाचा फुकट प्रोग्राम गेली वीसहून अधिक वर्षं हौशी लोक आपल्या वेळात चालवतात, दुरुस्त करतात. त्यात मूळ बोर्ड गेम जसाच्या तसा खेळता येतो, आणि मेक जुळवायला त्यांचाच वेगळा प्रोग्राम आहे. चित्रं म्हणाल तर जेमतेम. पण शरीराचा नकाशा तोच, चिलखताचे गोळे तेच. काल रात्री तिथे हंचबॅक उघडून बसलो होतो. क्लिक करून तोफ आणि तिचा दारूगोळा उचलून बाजूला ठेवला की कोपऱ्यात शिल्लक वजन दिसतं, १६ टन. सहा लेसर, दहा हीट सिंक. मी ते सगळं बसवलं, पाहिलं, आणि परत काढून तोफ नि दारूगोळा जागच्या जागी ठेवला. दारूगोळ्यातला एक टन तेवढा कमी केला आणि ते वजन एका हीट सिंकला दिलं. आता गोळे पाचच आहेत. रविवारी खेळायचंय.